लष्करी जीपचा जुना रंग

ही वही कुणाच्या हाती लागली तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि अक्षरही वेडंवाकडं येतं. चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पाथरीच्या रस्त्याला गॅरेज आहे. त्यांना लष्कराच्या जुन्या गाड्या जमवायचा नाद. गॅरेजमागे दोन जीपा होत्याच. मग चुडाव्याकडच्या एका शेतात, आखाड्यावरच्या गोठ्यापाशी, कडब्याखाली तिसरी सापडली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. पण पुढची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. मालक म्हणाले, "अशी जाळी अगदी पहिल्या गाड्यांनाच असती. पुन्हा मिळायची न्हाई."

हातात पैसे नव्हते. मी शेळ्या घ्यायच्या असं सांगून बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढलं आणि त्यांना दिलं. महिन्याभरात ते गावभर झालं. बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, "काय गं, तुझ्या शेळीला चार चाकं हायत म्हणं?"

दुसरी म्हणाली, "दूध देत न्हाई, उलटं पेट्रोल पिती."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मान वर झाली नाही. पुढे माझे हप्ते थकले आणि माझ्यापायी कुणालाच नवीन कर्ज मिळेना. मग हसणंही बंद झालं.

आशा एकच होती. पुण्याचे एक साहेब अशा गाड्या जमवतात. त्यांना दुरुस्तीला जाणता माणूस हवा होता. दसऱ्यानंतर ते आमची जीप बघायला येणार होते. काम मिळालं असतं तर हप्ते फिटले असते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मालक येलदरीला एक इंजिन उघडायला गेले. दसऱ्याला गाड्या पुजायच्या, त्यात साहेब येणार; इतकी कळकट गाडी दाखवायची कशी? ट्रॅक्टरचा लाल ऑइल पेंट उरला होता. संध्याकाळपर्यंत मी अख्खी जीप रंगवून काढली. वाटलं, खूश होतील.

मालक आले आणि दारातच थांबले.

"कुणी रंगवली?"

"मी. लय कळकट दिसायली होती."

"अगं, साहेबाला तोच कळकट रंग बघायचा होता. मिल्ट्रीचा होता तो, आकड्यांसकट."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते गाडीभोवती फिरत राहिले.

पूजा कशीबशी उरकली. दुसऱ्या दिवशी बंपरजवळ मी नख लावून बघितलं, तर लाल रंग सालीसारखा सुटून आला. पत्रा न घासता, धूळ-तेलावरच मारल्यानं तो धरलाच नव्हता.

मालक म्हणाले, "बरं झालं तू रंगारी न्हाईस. त्यानं आधी घासून जुना रंग घालवला असता."

मग रोज स्वयंपाक झाला की मी लाकडी कालथा घेऊन बसायची. चिकटलं तिथं डिझेलचा बोळा लावायची. बॉनेटवर पांढुरके आकडे दिसायला लागले, तेव्हा एकेक मोठ्यानं वाचला. डाव्या बाजूला हातभर जुना रंगही निघाला. तो गेला तो गेलाच.

साहेब आले. आकड्यांवरून बोट फिरवत विचारलं, "हे कुणी सोललं?"

"मंडळीनं," मालक म्हणाले. मी दाराआड होते, बाहेर यावं लागलं.

"आणि डावीकडचा रंग?"

"माझ्याच हातानं गेला," मी म्हणाले.

साहेबांनी वाकून डावी बाजू बघितली. "माझ्याही दोन गाड्यांवर कुणीतरी रंग चढवलाय. असं कुणाला जमत नाही. तुम्ही कराल का?"

मालक उत्तर देणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "करीन."

दोन्ही गाड्या ट्रकवरून आल्या. इंजिनं मालकांनी केली, रंग मी काढला. माझी मजुरी वेगळी ठरली आणि त्यातून दर महिन्याला हप्ता जाऊ लागला. थकलेलं आधी दिलं. मग दोघीतिघींना कर्जं मिळाली आणि बैठकीत मला बसायला जागा सरकवून द्यायला लागल्या.

परवाच्या बैठकीत शेवटचा हप्ता दिला. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजून घेतला, पुस्तकात माझ्या नावापुढे बाकी शून्य लिहिली आणि सही घेतली. व्याजासकट सगळं फिटलं.