नातीच्या साडीवरच्या कोंबड्या

माझ्या नातीच्या लग्नाच्या साडीवर कोंबड्या विणल्या गेल्या, त्यात माझ्या सुनेचा काही दोष नव्हता. मांडवात मी उलटं सांगितलं होतं. ते खोटं होतं.

आम्ही मूळचे उमरेडचे विणकर. आमच्यात नवरीला मामाकडची साडी जाते आणि तिचा काठ मामाच्या घरचाच लागतो. ती साडी मांडवात, सगळ्यांसमोर पहिल्यांदा उघडतात. माझी नात रेवती हिचा मामा म्हणजे माझा मुलगा. त्याला साधी रेघ सरळ मारता येत नाही. (हा गुण माझ्याकडून आलेला.) म्हणून काठावरचे मोर काढायचं काम सून वैशालीकडे आलं. लग्न होऊन आल्यावर तिचं हे पहिलंच मानाचं काम. सगळं सासर बघणार होतं.

काठ काढायचं सॉफ्टवेअर जुनाट. आता राहतो त्या मनीषनगरच्या घरातल्या कॉम्प्युटरवर ते दर वेळी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागे, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मी! सरकारी कचेरीत मी कॉम्प्युटरचे पासवर्ड सांभाळत आलो. दुसरं काही मला येत होतं, असं कचेरीतही कोणी म्हणत नसे.

"बाबा, फाइली ठेवाच्या त्या एका फोल्डरले सगळ्यांसाठी लिहायची परवानगी देऊन टाका न जी. मंग तुमाले उठावं नाही लागणार."

"आज फोल्डर मागतेस, उद्या तिजोरीची किल्ली मागशील."

"तिजोरीत तुमचे जुने चष्मे हायेत, बाबा."

त्या दिवशी मी पासवर्ड टाकला. तिनं 'रेवती' नावाची कोरी फाइल केली आणि ती कुकर बघायला गेली. तेवढ्यात मोर कसा काढतात हे तिला दाखवावं म्हणून मी त्याच फाइलमध्ये एक काढला. पिसारा चौकटीत मावेना, म्हणून कापला. मान जाड झाली. मी तो कौतुकानं सेव्ह केला.

पुढे दुपारच्या झोपेतून उठवलं जाण्याचा कंटाळा आला. मी सेटिंगमधली एक खूण काढली आणि सॉफ्टवेअर पासवर्ड न मागता सुरू झालं. फोल्डरची परवानगी मात्र दिली नाही. शिस्त म्हणजे शिस्त! आता वैशालीनं तिच्या लॉगिनमधून माझा पक्षी पुसून खरा मोर काढला. पण फोल्डरमध्ये लिहायची मुभा नसल्यानं कॉम्प्युटरनं तिची फाइल गुपचूप तिच्या खासगी कोपऱ्यात ठेवली. तिला तिचा मोर दिसे, मला माझा. नाव दोन्हीकडे 'रेवती'.

प्रिंटर फक्त माझ्या लॉगिनला जोडलेला. तोही माझाच हुकूम. मी कागद काढले, न बघता पाकिटात घातले आणि उमरेडच्या एसटीनं पाठवले.

आठवड्यानं विणकर रामाजीचा फोन आला. "भाऊ, हे पाखरू कोनतं म्हनाव?"

"मोर आहे."

"याले शेपूट काहून नाही?"

"रामाजी, तू विणायचं काम कर."

त्यानं केलं. मांडवात साडीची घडी उघडली आणि दोन्ही काठांवर कोंबड्यांची रांग चालू लागली. नवरदेवाची आत्या म्हणाली, "चांगलं हाय. अंडे कोन्या बाजूनं हायेत?" रेवतीचा चेहरा पडला. सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मी म्हणालो, "काठ वैशालीनं काढला."

घरी आल्यावर वैशालीनं आधी तिच्या लॉगिनमधून फाइल उघडली, मग माझ्या. एकीकडे पिसारा फुलवलेला मोर, दुसरीकडे माझी कोंबडी.

"हे कोनं काढलं, बाबा?"

"घरातली गोष्ट घरातच राहू दे," मी म्हणालो.

तिनं राहू दिली. इतकी वर्षं नातेवाइकांत ती 'कोंबडीवाली मामी' म्हणून ओळखली गेली आणि मी प्रत्येक लग्नात जिलबी खात ते ऐकलं. पण लग्नाच्या त्याच रात्री तिनं माझ्याकडून पासवर्ड घेतला, फोल्डरला परवानगी दिली आणि मला साधा वापरकर्ता करून टाकलं. आता घड्याळाची वेळ बदलायची तरी मला सुनेला विचारावं लागतं.

परवा हे लिहायला मराठी टायपिंग टाकायचं होतं, तेव्हाही विचारलं.

"काय लिहून राहिले, बाबा?"

"कोंबड्यांचं खरं काय ते. सगळ्या नातेवाइकांना पाठवणार आहे."

मग तिनं पासवर्ड टाकला आणि जाता जाता म्हणाली, "लिहा. चित्र मात्र काढू नका जी."