उपवास आहे म्हटलं की

पहिला संशय मी अक्कावर घेतला. अक्का म्हणजे माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर, मूळची येवल्याची, आणि गेली वीस वर्षं मधुमेहाची. माझा नवरा गेल्यापासून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघीच राहतो: अक्का, मी आणि माझी मुलगी. रविवारी मी रव्याचे एकवीस लाडू वळून स्टीलच्या डब्यात ठेवले होते. बुधवारी संध्याकाळी डब्यात चार उरले होते.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वस्तू जागेवर नसली की ती कुणीतरी नेलेली असते, स्वतःहून जात नाही, या एका तत्त्वावर माझी तीस वर्षांची नोकरी उभी आहे. भांडी घासणाऱ्या मावशी माझ्यादेखत येतात आणि माझ्यादेखत जातात. दोन लाडू मी खाल्ले होते. मुलीचा सोमवारी उपवास, आणि एरवी ती गोडाला हात लावत नव्हती. राहिली अक्का, आणि अक्काचा पूर्वेतिहास चांगला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिच्या उशीखाली काजूकतलीचा कागद सापडला होता आणि तो प्रसादाचा असल्याचं तिने शपथेवर सांगितलं होतं.

"अक्का, पंधरा लाडू," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय? गेले कुठे?"

"मला काय इचारते? मी काय लाडवांची राखण करते व्हय?"

"साखर वाढली की दवाखान्यात मलाच बसावं लागतं."

अक्का उठली. फ्रिजवरचं साखर तपासायचं मशीन घेऊन आली आणि माझ्यासमोर बोट धरलं.

"टोच."

"अगं, पण..."

"टोच म्हणते ना. उद्या म्हणशील, गोळी खाऊन साखर दाबली म्हातारीनं."

एकशे बत्तीस. अक्काने मशीन माझ्या चष्म्यापाशी धरलं. "पंधरा लाडू खाल्लेल्या बाईची साखर हाय का ही?"

मग मी मशीनवर संशय घेतला. स्वतःचं बोट टोचून पाहिलं. मशीन ठीक होतं. पुढचे दोन दिवस अक्का माझ्याशी बोलली नाही. जे सांगायचं ते देवाला सांगत होती, फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

हे सगळं चाललेलं असताना मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसून काकडी खात होती. ती काही बोलली नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण काकडी खाणाऱ्या माणसावर कुणी संशय घेत नाही.

ती पंचवीस वर्षांची आहे. ओझरच्या बाजूला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. कंपनीची बस तिला पहाटे नेते आणि दुपारी चारला कोपऱ्यावर सोडते. मी सहाला घरी येते. चार ते सहा अक्का खालच्या मजल्यावर भजनाला असते. म्हणजे रोज दोन तास घर तिचं एकटीचं. ही साधी बेरीज मी फार उशिरा केली.

तिचा रंग माझ्यावर गेला आहे, म्हणजे काळा. नातेवाईक समोर असले की 'सावळा' म्हणतात. अंगाने ती भरदार, माझ्या सासूच्या वळणाची. तिच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा नात्यातली एक मावशी पोह्यांची बशी हातात घेऊन तिलाच म्हणाली, "रंग काय आपल्या हातात नसतो गं बाळा. पण वजन तर असतं ना?"

मी म्हणाले, "जीभसुद्धा असते." वाक्य चांगलं जमलं होतं. मावशीचा चेहरा पडला आणि मी खूश झाले. विषय माझ्या बाजूने संपला होता. मुलीने पुढच्या सोमवारपासून उपवास धरला.

आपल्याकडे न जेवण्याची जी जी कारणं सांगता येतात, त्यांतल्या प्रत्येकावर उलटतपासणी होते. भूक नाही म्हटलं की का नाही. पोट बिघडलंय म्हटलं की काय खाल्लं होतंस. डाएट म्हटलं की आलीस मोठी. उपवास आहे म्हटलं की मात्र सगळे गप्प. आग्रह थांबतो, वर आदर मिळतो. सोमवारच्या जोडीला गुरुवार आला, मग शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. साबुदाणासुद्धा नको, कडक आहे, असं ती सांगायची. सोसायटीतल्या बायका मला जिन्यात थांबवून म्हणायच्या, "किती गुणी मुलगी हो तुमची. हल्लीच्या पोरी असं करतात का?"

मी देवाधर्मातली नाही. त्यामुळे घरात या उपवासांवर संशय घेणारी मी एकटीच होते, आणि घेतलाही. फक्त चुकीचा. मला वाटलं, पोरगी कुठल्यातरी बाबाच्या नादी लागली. ऑफिसातल्या बायकांनी नेलं असेल एखाद्या सत्संगाला. आता अंगठी येईल, मग फोटो, मग पावती. एका रविवारी ती आंघोळीला गेल्यावर मी तिची पर्स तपासली. बाबा सापडला नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या सापडल्या, आणि पोट साफ होण्याच्या चूर्णाची पाकिटं, एखादं-दुसरं नव्हे, मूठभर. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या मुठीचा विचारच केला नाही. उपवासाने पित्त होतं, पित्ताने पोट धरतं, अशी माझी मी समजूत घातली आणि पर्स होती तशी ठेवली.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीने वजन घटवण्याची स्पर्धा घेतली. तीन महिन्यांची. क्लब हाउसमध्ये वजनकाटा, त्याला झेंडूची माळ. बक्षीस समारंभाला एक नगरसेवक आले, ज्यांच्या स्वतःच्या जॅकेटची बटणं लागत नव्हती, आणि आमचेच फॅमिली डॉक्टर प्रमुख वक्ते होते. 'इच्छाशक्ती' या विषयावर ते चाळीस मिनिटं बोलले. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. दिवा पंख्याने तीनदा विझला. महिला गटात पहिलं बक्षीस माझ्या मुलीला. नऊ किलो. निवेदक म्हणाला, "कसं जमवलंत ते सांगा ना ताई सगळ्यांना!" तिने माइक हातात घेतला, म्हणाली, "काही विशेष नाही," आणि परत दिला. टाळ्या पडल्या. लोकांना तो विनय वाटला. खरं सांगायचं तर मलाही वाटला.

नऊ किलो जाऊनही ती बारीक अशी दिसत नव्हतीच. गाल तर उलट सुजल्यासारखे वर आले होते. "चेहरा कसा भरलाय बघ," अक्का कौतुकाने म्हणाली होती.

त्यानंतर महिन्याभरात ती कंपनीच्या बसमधून उतरताना पडली. चक्कर. शुद्ध लगेच आली, पण हात कापत होते आणि छातीत धडधडतंय म्हणत होती. मी तिला त्याच फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी घेतलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली.

"डॉक्टर, ही नीट जेवत नाही," मी म्हणाले.

ते हसले. "मॅडम, न जेवणाऱ्या मुली मी बघितल्यात. ही धडधाकट आहे. अजून पाच-सहा किलो उतरू द्या, मग बघा." आणि तिच्याकडे वळून, "चॅम्पियन, सोडायचं नाही हं आता!"

बाहेर येऊन रिक्षात बसलो. ती पूर्ण वेळ बाहेर रस्त्याकडे तोंड करून होती. घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता सोफ्यावर बसली आणि मोबाइल माझ्यापुढे केला. "हे बघ. मध्ये बोलू नकोस."

परदेशातल्या कुणा एका काळ्या बाईचा व्हिडिओ होता. चांगली जाडजूड बाई, स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलत होती. ती सांगत होती की ती कितीतरी वर्षं लपून खात होती आणि ओकून टाकत होती. आईला सांगितलं तर आई म्हणाली, हे गोऱ्या पोरींचं खूळ, आपल्यात असलं काही नसतं. डॉक्टरला सांगायला गेली तर त्याने वजन कमी करण्याचं माहितीपत्रक हातात ठेवलं. इंग्रजी मला समजत होतं. तरी मी व्हिडिओच्या खाली उमटणारी अक्षरं वाचत राहिले, कारण त्या निमित्ताने मुलीकडे बघायचं टळत होतं.

"ती काळी आहे आई," मुलगी म्हणाली. "आणि जाडी. माझ्यासारखी."

मी मोबाइल सोफ्यावर उलटा ठेवला.

"लाडू मीच खायचे. आजी नाही. लाडू, चिवडा, फ्रिजमधला भात, कच्चा रवासुद्धा. मग बाथरूममध्ये जायचं. बादलीत नळ सोडून."

आमच्या ग्रंथालयात या आजारावर एक पुस्तक आहे. ते मीच नोंदवलं, मीच मानसशास्त्राच्या कपाटात लावलं. मुखपृष्ठावर एक गोरी, बरगड्या दिसणारी मुलगी खिडकीबाहेर बघत बसली आहे. त्या चित्राशी जुळणारी कुणी आयुष्यात आली असती तर मी तिला एका नजरेत ओळखलं असतं, याची मला खात्री आहे. वाचलेल्या माणसाचं हे असं होतं. आणि मराठीत शोधायला गेले तर न जेवणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे उपवास, नखरे, डाएट आणि प्रेमभंग एवढेच कप्पे आहेत. खाऊन ओकणारीसाठी तर एकच, आणि तो लग्नानंतरचा.

अक्का देवघरापाशी बसून सगळं ऐकत होती. ती जपमाळ ठेवून आली आणि नातीशेजारी बसली.

"लाडू तू खाते, ते मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "एकदा भजनातून लवकर आले, तवा पाहिलं. म्हटलं, उपास मोडला म्हणून पोर लाजली आसंल. कशाला बोलायचं? खाल्लं तर खाल्लं, पोटातच गेलं ना."

"पोटात राहत नव्हतं, आजी."

अक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अन् तू माझी बोटं टोचत बसली व्हतीस."

दुसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांच्या पाटीवर कोणता शब्द असणार हे ठाऊक असल्याने मी रिक्षा एक गल्ली अलीकडे थांबवली, हेही लिहून ठेवायला हवं. बाईंनी मुलीकडे बघण्याआधी तिच्या दातांकडे बघितलं, मग गालांच्या गाठींकडे, मग उजव्या हाताच्या बोटांवरच्या घट्ट्यांकडे. ते घट्टे मी रोज बघत होते. मला ते की-बोर्डचे वाटले होते. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम इतकं खाली निघालं की तिला तिथूनच दवाखान्यात दाखल करावं लागलं. हृदय थांबू शकलं असतं, असं बाई शांतपणे म्हणाल्या. वजनाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी त्याची वाट बघत होते, कारण तोपर्यंत प्रत्येक जण बोलला होता.

ती पाच दिवसांनी घरी आली, आणि माझ्या संशयाला शेवटी खरं काम मिळालं. मी डब्यांची झाकणं बघायचे. बाथरूमबाहेर टॉवेलच्या घड्या घालत उभी राहायचे; एकच टॉवेल चार वेळा. पुढच्या भेटीत मुलीने हे बाईंना सांगितलं आणि बाईंनी मला बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं. "पहारेकरी तिच्या डोक्यात एक आहेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्या होऊ नका. जेवल्यावर तासभर तिच्याजवळ बसा. गप्पा मारा. आणि उपवास सगळे बंद."

घरी मी हे अक्काला कसं सांगावं या विचारात होते. अक्काने स्वतःचा सोमवार पन्नास वर्षांत मोडलेला नाही.

"महादेवाला मी सांगितलंय," ती म्हणाली. "पोरीची आतडी वाळवून त्याला काय करायचंय?"

"मग तो काय म्हणाला?" मुलीने विचारलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात खोडी होती.

"त्यो कुठं बोलतो! पर नाय बी म्हणला नाय."

तो सोमवारच होता. ती अजून रजेवर होती, मीही सुट्टी काढली होती. दुपारी तिघी टेबलाशी बसलो. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वरण. अक्काने स्वतःपुरती भगर केली होती. मी सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते, का ते मला माहीत नाही. मुलगी लहान लहान घास घेत होती. एक भाकरी झाली. दुसरीची चतकोर झाली. मग तिने ताट किंचित पुढे सरकवलं.

"बस. पोट भरलं."

मी तिच्याकडे बघितलं. खरंच भरलं होतं की आजार बोलत होता, मला कळेना. इतकी वर्षं मला प्रत्येक माणसात, प्रत्येक समारंभात काहीतरी खोटं दिसत आलं, आणि आता समोर तीन शब्द होते, ज्यांवर मला मनापासून विश्वास ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता. विचारावं तर पहारेकरी. न विचारावं तर पुन्हा तीच मी, जी मागे काकडीकडे बघून निश्चिंत झाली होती.

"आई, माझ्या ताटात काय बघतेस?" ती म्हणाली. "तुझी भाकरी गार झाली. जेव ना."

"ती आशीच," अक्का म्हणाली. "वाढ तिला गरम."

मुलीने टोपल्यातली भाकरी काढली, मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि हात न धुता तशीच बसून राहिली. मी घास घेतला. ती बघत होती.