बेचाळीस अंशांची सरळ रेघ

मी पोलादपूरहून रोज सकाळच्या एसटीने कामाला जायचे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, बिरवाडीच्या बाजूला, औषधांसाठी लागणारी रसायनं बनवणारा एक लहान कारखाना होता. तिथे मी केमिकल इंजिनिअर म्हणून लागले होते. साल दोन हजारच्या आसपासचं, माझं वय पंचवीस. त्या ऑफिसात मी एकटीच बाई होते. आपल्या हाती कुणीतरी महत्त्वाचं काम द्यावं म्हणून मी किती आतुर होते, ते आता आठवलं की कसंसंच होतं.

काम मिळालं ते असं. आमच्या मोठ्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे बंद टाकीत, एक द्रव आधी भरून ठेवत आणि दुसरा हळूहळू सोडत. दोन्ही मिसळले की उष्णता निघते. टाकीभोवती फिरणारं थंड पाणी ती ओढून घेतं. दुसरा द्रव सोडायला सहा तास लागत. आमचे प्लँट मॅनेजर मला म्हणाले, "हे चार तासांत बसतंय का, जरा गणित करून बघा." साठ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा नियम होता. ऐंशीच्या पुढे गेलं तर आत जे सुरू होईल ते कुणालाच थांबवता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते गणित हाताने होण्यासारखं नव्हतं आणि विकतचं सॉफ्टवेअर घेण्याचा प्रश्नच नव्हता. महाडात चवदार तळ्याजवळ एक सायबर कॅफे होता. तिथे तीन रविवार बसून मी इंटरनेटवरून गणिताची एक मोफत लायब्ररी उतरवून घेतली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्रॅम. आपण आपली समीकरणं द्यायची, ते सोडवून देतात. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी ती मिळून लिहिली होती आणि तिचा सगळा कोड कुणालाही वाचता यावा म्हणून उघडा ठेवला होता. फोनची लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी सगळे तुकडे फ्लॉप्यांवर भरून मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर जोडले.

उत्तर फार छान आलं. चार तासांच्या हिशेबाने तापमान दोन तासांत बेचाळीसपर्यंत चढत होतं आणि पुढे शेवटपर्यंत बेचाळीसच. इतकी शांत, सरळ रेघ! आधी लहान टाकीत करून बघायला हवं होतं, पण लहान टाकी दुसऱ्या मालात अडकली होती. मॅनेजर साहेबांनी माझ्या तक्त्यावर सही केली. सोमवारी पहिल्या शिफ्टला, सात वाजता, बॅच सुरू करायचं ठरलं.

माझं ऑफिस नऊचं, म्हणून त्या सोमवारीही नेहमीच्याच एसटीत मी लायब्ररीच्या कोडचे छापलेले कागद वाचत होते. शंका आली म्हणून नव्हे, आपण वापरलेली गोष्ट आतून कशी आहे ते बघावं, एवढंच. एका जागी, दोन ओळींच्या मध्ये, लिहिणाऱ्याने सूचना ठेवली होती. हे फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा हा तुकडा, शून्य सोडून दुसरा आकडा परत देत असेल तर गणित मध्येच थांबलं आहे, त्यापुढची उत्तरं खरी धरू नयेत, अशा अर्थाची.

तो परत येणारा आकडा मी कधी बघितलाच नव्हता.

मला माझा तक्ता डोळ्यांपुढे दिसला. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. गणित दोन तासांवर थांबलं असेल आणि पुढच्या सगळ्या घरांत शेवटचाच आकडा राहिला असेल तर? बॅच सुरू होऊन तास उलटून गेला होता. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबत होती. शेजारची बाई म्हणाली, "गो, बरं वाटत नाय काय?" मी कागद पिशवीत कोंबून दाराशी जाऊन उभी राहिले.

बिरवाडी फाट्यावर उतरले तर रिक्षा भरायची वाट बघत उभी. मी चालतच सुटले. थोड्या वेळाने एका टेम्पोवाल्याने घेतलं. फाटकातून आत आले तेव्हा नऊला दहा कमी होते.

आणि इथे मी जे केलं ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. मी प्लँटकडे गेले नाही. मी कॉम्प्युटरकडे गेले. माझी शंका खोटी निघाली तर सगळे हसतील, पोरीने उगाच बॅच थांबवली म्हणतील, याची मला टाकीपेक्षा जास्त भीती वाटली. आधी खात्री करून घ्यावी म्हणून मी बारा मिनिटं घालवली. परत आलेला आकडा छापून बघितला. शून्य नव्हता. दुसरी पद्धत निवडून, वेळेचे टप्पे बारीक करून पुन्हा चालवलं. अडीच तासांना अठ्ठावन्न. मग एकाहत्तर. मग शहाण्णव.

मी धावले.

रिॲक्टरवर तुडील गावचे एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या हातात माझाच कागद होता.

"काका, किती आहे?"

"सत्तेचाळीस हाय. कागदावर बेचाळीस हाय. म्हटलं थोडं मागंपुढं चालतं. तुमी लिवलंत तसंच करतोय."

"बंद करा. माझं गणित चुकलंय. आत सोडणं बंद करा."

"सायबांना इचारलंत?"

"नाही. काका, आधी बंद करा!"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि वॉल्व्ह फिरवला. थंड पाणी पूर्ण सोडलं. तेवढ्यात साहेब आले. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आता नक्की सांगताय?" मी मान डोलावली. त्यांनी बाकी सगळ्यांना फाटकाबाहेर पाठवलं.

सोडणं बंद केलं तरी आधी आत गेलेलं असतंच. त्याची उष्णता निघतच राहते. त्रेपन्न. अठ्ठावन्न. साठ ओलांडलं. आतला ढवळणारा पंखा थांबला तर सगळंच संपलं, म्हणून काका त्याच्या बटणाशी उभे होते. ते पुटपुटले, "तू जा गो भायेर." एरवी मला ते मॅडम म्हणत. मी गेले नाही. लोक नंतर याला धीर म्हणाले. खरं म्हणजे माझे पाय उचलत नव्हते. साहेब पायपाला पाठ टेकून तापमानाच्या काट्याकडे बघत होते.

बासष्ट. चौसष्ट. चौसष्ट. पुढची कितीतरी मिनिटं चौसष्ट. काटा अडकलाय की काय, असं वाटून काकांनी काचेवर बोटाने टिचकी मारली. मग त्रेसष्ट झालं.  एकसष्ट झाल्यावर काका खाली बसले आणि त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून तोंडावर धरला.

माल वाया गेला. साहेबांनी मला काढलं नाही. "सही माझी होती," एवढंच म्हणाले. पण त्यानंतर माझं कुठलंही गणित दुसऱ्याने तपासल्याशिवाय प्लँटवर गेलं नाही, आणि ते मी स्वतःच मागून घेतलं होतं. काकांची मी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "कागद बघून मी पन काट्याचं ऐकायचं सोडलं ना." त्याने मला अधिकच वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी सायबर कॅफेत बसून मी त्या लायब्ररी लिहिणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे त्या सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, सगळं लिहिलं, स्वतःची चूक म्हणूनच. त्यांच्या पुस्तिकेतल्या पहिल्या उदाहरणात तो आकडा तपासलेला नव्हता आणि मी तेच उदाहरण उतरवून घेतलं होतं, हेही कळवलं. आठवड्याने एकाचं उत्तर आलं. त्याने उदाहरणात तपासणीच्या तीन ओळी घातल्या होत्या आणि मजकूर नीट समजतो का, असं मला विचारलं होतं. मी तो पाच वेळा वाचला. समजत होता. तरी लगेच खात्रीने सांगायचा धीर होईना; 'होय' लिहून पाठवायला मला पुढचा रविवार उजाडावा लागला.