माती कुठं द्यायची

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होते. धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "अक्का, आई गेली. झोपीतच." मी पोह्यांखालचा गॅस बारीक करायला सांगितला, किल्ल्या दुसऱ्या बाईंच्या हाती दिल्या आणि निघाले.

अंबाजोगाईत मी मुलींचं वसतिगृह सांभाळते. कामं ओळीनं लावणं हीच माझी नोकरी. त्यामुळे रडू यायच्या आधी डोक्यात कामं लागली. पेटी, पांढरं कापड, बर्फ, चर्चच्या पाळकांना फोन, मावशीला आणायला गाडी. घाटनांदूरच्या रस्त्याला लागेपर्यंत यातली बरीच मार्गी लागली होती. ज्या नातेवाइकाला फोन करावा तो एकच विचारायचा, "माती किती वाजता?" आमच्या भागात मयताला जाणं म्हणजे मातीला जाणं. दुपारची वेळ मी सांगत होते. कुठं, हे कुणी विचारायच्या आत फोन ठेवत होते.

कारण ते मलाच माहीत नव्हतं.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. आजोबांच्या वेळेपासून आमची माणसं ओढ्याकाठी, गायरानाच्या कोपऱ्यात पुरली गेली. वडील तिथंच आहेत. त्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. गेल्या काही वर्षांत वारं फिरलं. आधी निरोप आला, रविवारची प्रार्थना ओसरीवर घेऊ नका. मग एका रविवारी पोरं आली. त्यांनी खुर्च्या मोडल्या, ढोलकी फोडली, "लोकांना बाटवता का" म्हणत भावाची गचांडी धरली. आई मध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं. ते पुढं वाकडंच जुळलं. तक्रार द्यायला गेलेल्या भावालाच ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं. गेल्या वर्षी आमच्यातलेच शेजारचे म्हातारे गेले तेव्हा त्यांच्या मुलांनी वाद नको म्हणून मयत गुपचूप अंबाजोगाईला नेलं. त्या दिवसापासून आईनं एकच धोशा लावला होता, "मला गावाभाईर न्यायचं न्हाई."

आई अंगणवाडीत मदतनीस होती. खुर्च्या मोडणारी ती पोरं एके काळी तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. तिला त्यांचा राग नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगला होता. पण पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेल्यांनी उठण्याबद्दल, ती बोलायची ते बाजाराला जाऊन येण्याबद्दल बोलावं तसं. "उठायचंच हाय," म्हणायची, "पर डोळे उघडल्यावर आपलं गाव दिसाया पायजे. अनोळखी जागी उठून मी कुणाला वाट इचारू?"

मी हसायचे. दर रविवारी चर्चमध्ये मंडळीत उभी राहून मीही शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवते असं म्हणते. पण त्या ओळीपर्यंत येता येता संध्याकाळची भाजी काय करायची, हे बहुतेक ठरलेलं असतं.

गावात पोचले तर दाराशी पोलिसांची जीप. आत आई बर्फावर, तिच्या उशाशी मावशी. मावशी आईची धाकटी बहीण, कानानं जवळजवळ बहिरी. ती माझा हात धरून मोठ्यानं म्हणाली, "भाईर काय गोंधळ हाय गं?" मी बाहेर आले.

जमादार माणूस वाईट नव्हता. वैतागलेला होता. ओढ्याच्या वाटेवर तालुक्याची आणि गावची मिळून दहा-पंधरा पोरं बसली होती आणि ती हटायला तयार नव्हती. "ताई," तो म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या बाई आहात. अंबाजोगाईला न्या. तिथं तुमचं कबरस्तान आहे, सगळं रीतसर होईल. गावाला कशाला ताप?"

खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच आलं होतं. गाडी सांगितली तर तासाभरात येईल, तिथं खड्डा खणणारी माणसं माहितीची, पाळकही येतील. सगळं नीट होईल. मी भावाकडं पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"अक्का, आज आईला भाईर नेली की उद्या आमी जिते बी भाईर," तो म्हणाला.

भावाला इथं राहायचंय, त्याच्या बायकोला रोज याच रस्त्यानं दळण न्यायचंय. संध्याकाळी मी निघून जाणार.

पोरांचा पुढारी चालत दारापर्यंत आला. आवाज अगदी समजुतीचा. "आमचं काय म्हणणं न्हाई. जाळा की. साऱ्या गावाला चालतं ते तुमालाच कावून चालत न्हाई?"

"आमाला बी चालत न्हाई बे," मागून आवाज आला.

ते आप्पा होते. गावातले किराणा दुकानदार, जातीनं लिंगायत, आईपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. त्यांच्याकडंही मयत पुरतातच, फक्त बसवून. आप्पा दुकान उघडं टाकून आले होते. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं.

"आमी बी पुरतोच की. आता आमाला बी जाळायला सांगणार का तू?"

"आप्पा, तुमचं येगळं हाय."

"काय येगळं हाय? सांग की."

आप्पा जमादाराकडं वळले. त्यांच्या शेतात त्यांच्या घराण्याच्या समाध्या आहेत, त्यांच्या पलीकडचा बांधालगतचा कोपरा मोकळा आहे. "रान माझं हाय. गायरान न्हाई, सरकारी न्हाई. तिथं द्या माती. कोण आडवितंय बघतो."

जमादाराला सुटका हवीच होती. त्यानं दोन-तीन फोन केले आणि अटी सांगितल्या. सूर्य मावळायच्या आत उरकायचं. घरचीच माणसं. गाणं नाही. क्रूस नाही. एवढ्यावर ओढ्याकडचा वाद मिटला असं समजायचं. भावानं मान हलवली. मीही. वडिलांशेजारची जागा गेली, गाव राहिलं.

आप्पा म्हणाले, "खड्ड्याची काळजी सोडा. माझी माणसं हायेत, सराईत." मी ते काम मनातल्या मनात उरकल्यात जमा केलं आणि पाळकांना फोन लावला.

पाळक बीडहून निघाले होते. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांना पोलिसांचा फोन आला की पुढं येऊ नका, तुम्हाला पाहून लोक भडकतील. ते तिथल्या एका ढाब्यावर बसून होते. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"विधी तुम्ही चालवा," ते म्हणाले.

"मी?"

"तुम्ही इतक्या माणसांच्या मातीला उभ्या राहिलात. शब्द तुम्हाला पाठ आहेत."

पाठ होते. प्रश्न तो नव्हता. ते शब्द आजवर मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते, नंतर चहा किती कप लागेल याचा अंदाज घेत.

उन्हं कलली तशी पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून आम्ही निघालो. हरभरा काढणीला आला होता. मागून जीप, तिच्या मागं थोडं अंतर ठेवून मोटारसायकली. भावजय माझ्या शेजारी बसली होती आणि दर वळणावर मागं वळून पाहत होती. "दगड मारतील का हो अक्का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही. इतक्या ठामपणानं म्हटलं की मलाच ते खोटं वाटलं.

शेतात उतरून मी आधी खड्डा बघायला गेले. खड्डा फार सुरेख खणला होता. चौकोनी, खोल, कडा तासलेल्या. उतरायला एका बाजूला पायरी, एका भिंतीत दिवा ठेवायला कोनाडा. त्यात माणूस मांडी घालून आरामात बसला असता. पेटी उभीसुद्धा राहिली नसती.

खणणारे दोघं घाम पुसत उभे होते. एकानं माझ्या चेहऱ्याकडं बघून विचारलं, "बसवायचं न्हाई व्हय?"

आप्पांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी आपला सवयीनं, खड्डा खणा म्हणून सांगितलं."

कुणाला हसू आलं नाही. आम्ही आडवं निजवतो. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे उठल्यावर तोंड उगवतीकडं येतं. सूर्य हात-दोन हात वर राहिला होता. जमादारानं घड्याळ पाहिलं. मोटारसायकली बांधाच्या पलीकडं येऊन थांबल्या होत्या.

"बसवलं तर?" आप्पा हळू आवाजात म्हणाले. "आमच्यात समदे तसंच बसत्यात. काय वाईट न्हाई."

भावानं आईच्या पेटीवर हात ठेवला होता. "अंग ताठलंय तिचं, आप्पा. ती बसायची न्हाई. आणि मोडून तर बसवणार न्हाई. एकदा मोडलंय तिला."

तेव्हा मला खरी भीती वाटली. पोरांची नाही. आईला परत ट्रॉलीत घालून, याच पोरांच्या देखत, अंबाजोगाईच्या रस्त्याला लागण्याची. सकाळी तेच सोयीचं वाटलं होतं.

"लांबी किती लागंल?" खणणाऱ्यानं विचारलं. मोजायला काही नव्हतं. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पेटीच्या कडेनं ताणलं, गाठ मारली आणि ते खड्ड्याच्या पश्चिमेकडच्या कडेपासून पूर्वेकडं धरलं. "इथवर खणा. खोल भाग निम्मा बुजवून घ्या, म्हंजे तळ सारखा होईल."

खाली मुरूम होता. पहारीचा घाव बसला की ठिणगी उडायची. दोघं दमलेले, त्यांचा वेग दिसत होता. भावजयीनं पदर खोचला, घमेलं उचललं आणि माती खड्ड्यात लोटायला लागली. आमच्याकडं बायका खणत नाहीत. मूठभर माती टाकतात आणि मागं सरतात. मी चपला काढल्या, फावडं घेतलं. हाताला सवय नाही. फोड लगेच आले. भावानं दुसरी पहार धरली.

बांधावरून पुढाऱ्याचा आवाज आला, "चला आवरा. अंधार पडला की परवानगी न्हाई."

भावजय घमेलं रिकामं करत मान वर न करता म्हणाली, "खिचडीतले वाटाणे बाजूला काढायचा तूच ना रे? म्हातारी सांगायची. त्याला घास भरवायला लई येळ लागायचा म्हणं."

पोरांतलं कुणीतरी फिसकन हसलं. वाटलं, आता दगड येणार. आला नाही.

सूर्य टेकायला आला तेव्हा खड्डा ओबडधोबड पण लांब झाला. एका टोकाला तो सुबक कोनाडा तसाच होता. दोर लावून पेटी उतरवली. ती तळाला टेकली आणि सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

"हळू म्हणा ताई," जमादार म्हणाला. "त्यांच्या कानावर नको."

मी हळू म्हटलं. माती हातात घेऊन, जवळजवळ ओठांतच. मातीला माती, राखेला राख. माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. पुढच्या शब्दांपाशी तो आणखी बारीक झाला, कारण भांडण त्याच शब्दांचं होतं. आई उठणार आहे असं म्हणायचं होतं. जाळा म्हणणाऱ्यांसमोर, त्यांच्या गावात.

"काय म्हणतीया ही?" मावशी ओरडली. "मला काय बी ऐकू येईना. मोठ्यानं म्हण की गं!"

भावानं तिला खूण केली. ती कसली ऐकते. "माझ्या बहिणीची माती हाय. मोठ्यानं म्हण!"

जमादारानं दुसरीकडं तोंड फिरवलं. मी एकदा बांधाकडं पाहिलं आणि म्हटलं. मेलेल्यांतून उठण्याच्या निश्चित आणि खात्रीच्या आशेनं आम्ही हिला मातीच्या स्वाधीन करतो. मोठ्यानं, जेवणाच्या घंटेनंतर मुलींना हाक मारते तशा आवाजात. निश्चित आणि खात्रीच्या. इतकी वर्षं हे दोन शब्द मला एकाच अर्थाचे, उगाच जोडून दिलेले वाटायचे. त्या दिवशी एकानं भागलं नसतं.

बांधावर एक मोटारसायकल चालू झाली आणि गेली. बाकीच्या माती पुरी लोटेपर्यंत तिथंच होत्या. ते ऐकून गप्प बसले, की नंतर काय करायचं ते ठरवत बसले, मला आजही माहीत नाही.

आप्पांच्या मुलाला हे सगळं पसंत पडलेलं नाही. दुकानाचं गिऱ्हाईक तुटेल, असं तो भावाला बोलून गेला. उंचवट्यावर क्रूस नाही, नाव नाही. भाऊ रोज सकाळी तिकडून चक्कर मारतो आणि मला फोन करतो, "हाय. ठीक हाय." रोज नको करूस म्हणून मी त्याला सांगितलं. तो करतो. फोन यायला उशीर झाला की माझं कशातच लक्ष लागत नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे उजाडायच्या आत आम्ही कबरींपाशी जातो. मेणबत्त्या लावतो, गातो. यंदा दोन जागा आहेत. ओढ्याकाठी जायचं की नाही, हे ठरायचंय. आप्पांच्या शेतात जायचं ठरलंय. जमादाराला मी विचारून ठेवलं. तो म्हणाला, बघू. पाळक म्हणाले, मी येतो, अडवलं तर अडवू दे. भावजय म्हणाली, गायचं. भाऊ म्हणाला, मनात गाऊ.

मेणबत्त्या आणल्या आहेत. गाडी सांगून झाली आहे. आई तिच्या गावात आहे, उगवतीकडं पाय करून. गाण्याचं अजून ठरलेलं नाही.