आर्चबिशप म्हणजे म्हातारा बिशप

अकरावीच्या जीवशास्त्रात एक शब्द येतो, आर्कीबॅक्टेरिया. अतिखारट किंवा उकळत्या पाण्यात, जिथे दुसरं कोणी टिकणार नाही अशा जागी राहणारे सूक्ष्मजीव. नायगावच्या माझ्या क्लासमधली निम्मी मुलं मराठी शाळेतून आलेली असतात. असला शब्द पुढ्यात आला की त्यांचे चेहरे पडतात. मीही त्यातलाच असल्यामुळे शब्द फोडून शिकवतो. 'पॅलिओ' म्हणजे जुना, 'आर्किओ' म्हणजे प्राचीन, दोन्ही ग्रीक. एवढं कळलं की पॅलिओंटॉलॉजी, आर्किऑलॉजी, आर्किऑप्टेरिक्स ही मंडळी निदान तोंडओळखीची होतात.

"सर, पॅलिओंटॉलॉजी म्हणजे पालींचा अभ्यास ना?" हा प्रश्न दर वर्षी मागच्या बाकावरून येतो. दर वर्षी मीही हसतो. मुलांनी माझ्यावर खूश असावं असं मला जरा जास्तच वाटतं, आणि यंदा तेच नडलं. हसणारा वर्ग बघून मला आणखी हसवायची हुक्की आली.

"हा तुकडा आपल्या चर्चमध्येही आहे," मी म्हणालो. "आर्चबिशप! आर्च म्हणजे प्राचीन. म्हणजे सगळ्यांत म्हातारा बिशप."

वर्ग खदखदून हसला. मी स्वतः ख्रिस्ती, वसईतच वाढलेला. पण मी आजवर पाहिलेले सगळे आर्चबिशप पांढऱ्या केसांचे होते, त्यामुळे शंका यायला वावच नव्हता.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. राजोडीच्या वाटेवर तिच्या घरच्यांची केळीची वाडी आहे. मराठी शाळेतून येऊन सायन्स घेतलेली, आणि मी बोललेलं सगळं खरं मानणारी. तिच्या धर्मग्रामात, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत, तरुणांची प्रश्नमंजूषा होती. शेवटच्या, निकाल ठरवणाऱ्या फेरीत विचारलं, 'आर्चबिशप' या शब्दातल्या 'आर्च'चा अर्थ काय? हिने सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "प्राचीन!" प्रश्न विचारणारा म्हणाला, "मग त्यांना म्युझियममध्ये ठेवायचं का?" अख्खा हॉल हसला. हिचा संघ हरला.

हे मला तिच्या मोठ्या बहिणीने सांगितलं. ही मोठी वालीवला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. क्लासच्या दारातच तिने मला गाठलं.

"सर, तुम्ही तिला नेमकं काय शिकवता? बायोलॉजी की विनोद? ती म्हणते, सायन्स आपल्यासाठी नाही. एक शब्द धड कळत नाही, पाठ करायचा आणि तोंडावर पडायचं. सोमवारी कॉलेजात जाऊन कॉमर्सला बदलून घेणार आहे. त्यानंतर बदल होत नाही."

त्या रात्री मी डिक्शनरी उघडली. आर्चबिशपमधला 'आर्च' म्हणजे प्रमुख. एका पोरीचं आयुष्य माझ्या फालतू विनोदाने रुळावरून घसरतंय, असं मला वाटायला लागलं. बायको म्हणाली, "आयुष्य नाही, शाखा बदलतेय. झोपा." पण मला झोप लागते थोडीच!

शनिवारी मी चर्चमध्ये कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला गेलो. तसा मी नेहमीच जातो. रांगेत मी दिसलो की आता तासभर जाणार म्हणून माझ्या मागची माणसं दुसरी रांग शोधतात. फादरना सगळं सांगितलं. जाळीपलीकडून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला.

"हे दहा आज्ञांपैकी कुठल्या आज्ञेत बसवू मी? मुद्दाम खोटं सांगितलं का?"

"नाही फादर. पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं."

"मग ते पाप नाही. ती शिकवणी झाली," फादर म्हणाले. "प्रायश्चित्ताला प्रार्थना-बिर्थना नको. तिच्या घरी जा आणि तिला सांग."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर गेलो. ओट्यावर केळीचे घड टेकवून ठेवले होते. मोठीने खुर्ची दिली आणि माझ्यावर पाळत ठेवावी तशी दाराला टेकून उभी राहिली. धाकटी समोर बसली, मान खाली.

मी घसा साफ केला. "चूक माझी होती. आर्किओ म्हणजे प्राचीन. आर्चबिशपमधला आर्च म्हणजे प्रमुख. दोन वेगळे शब्द आहेत. तू नाही, मी तोंडावर पडायला हवं होतं."

तिने मान वर केली. "वेगळे आहेत तर स्पेलिंग इतकं सारखं का, सर?"

खरं सांगतो, माझ्या जिभेवर एक उत्तर तयार होतं. अगदी पटेल असं. ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

हे दोन शब्द माझ्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकले असावेत. तिने मोबाइल काढला. आम्ही दोघं स्क्रीनवर वाकलो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच ग्रीक शब्द निघाला, आणि त्याचा अर्थ होता सुरुवात.

"सुरुवातीचा म्हणजे प्राचीन, हे कळलं," ती पुटपुटली. "पण सुरुवातीचा म्हणजे प्रमुख कसा?"

ती विचार करत दाराकडे बघत होती. एकदम तिचे डोळे चमकले.

"सर, ही माझी मोठी बहीण. मोठी म्हणजे जाडी नाही..."

"जाडी कुणाला म्हणतेस गं?" दारातून आवाज आला.

"अगं ऐक तर! मोठी म्हणजे आधी जन्मलेली. आणि आधी जन्मली म्हणून सगळ्यांवर हुकूम सोडते. सुरुवातीची, म्हणून जुनी, म्हणून प्रमुख. आपण एका 'मोठी'त सगळं बसवतो, ग्रीकांनी त्याचे दोन शब्द केले!" ती माझ्याकडे वळली. "म्हणजे तुम्ही अगदीच चुकला नव्हता सर. निम्मे पास."

इतकी वर्षं शब्द फोडून दाखवतोय, पण जोडून मला कुणी दाखवले नव्हते. मी वेड्यासारखा हसत बसलो.

"म्हणजे मी कोण आता? आर्चबहीण?" मोठी म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "बरं, आर्चबहीण विचारतेय. उद्या कॉलेजात जायचंय ना? मी हाफ डे सांगून ठेवलाय."

धाकटीने मोबाइलवरून नजरही काढली नाही. "कशाला? तू जा कामाला." आणि लगेच मला, "सर, प्रोटोझोआतला 'प्रोटो' पण पहिलाच ना? मग पहिल्यासाठी ग्रीकांकडे दोन दोन शब्द कशाला?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि खुर्ची पुढे ओढली.