माती नापास होऊ नये म्हणून

माती परीक्षणाच्या लॅबमध्ये दोन ढीग कधी कमी होत नाहीत. एक मातीच्या पिशव्यांचा, दुसरा किश्शांचा. पिशव्या निदान तपासून झाल्या की फेकता तरी येतात!

लॅब छोटी, धरणगावच्या रस्त्याला. आम्ही तिघंच. लॅब चालवणारे सर, मोगरीनं ढेकळं फोडणारे सलीमभाई आणि मी. मी बी.एस्सी. ॲग्री, एकुलती एक मुलगी. एरंडोलजवळ आमचं चार एकर काळं वावर आहे, आणि खरं सांगायचं तर मी ही नोकरी त्या चार एकरांसाठीच धरली. तिथं आता पाणी दिलं की मुरत नाही, वरच तुंबतं. वाळलं की माती अशी टणक होते की कुदळ परत उडते. त्यावर नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच इलाज: आणखी एक गोणी युरिया! पुढं हे वावर मला कसायचंय. तोवर त्यात जीव उरावा, एवढंच माझं म्हणणं.

*

नोकरीचा पहिला आठवडा. एक आबा स्टीलचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं तर माती मैद्यासारखी चाळलेली, आणि तिच्यात चक्क शेणखत!

"आबा, हे शेणखत कुठून आलं?"

"मीच मिसाळं."

"अहो, का पण?"

"पोऱ्या परीक्षेले जास तव्हय त्याना डोकाले तेल लावतस ना, माय?"

मी त्यांना अर्धा तास समजावलं. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा, सगळी माती एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो आणायची. बांधावरची नको, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको. आबांनी मन लावून ऐकलं आणि उठताना विचारलं,

"बठ्ठं समजनं. पन पास व्हई ना?"

*

पारोळ्याकडच्या एका भाऊंची माती तपासली. कपाशीची नवी पानं पिवळी पडत होती. रिपोर्टमध्ये कारण स्पष्ट होतं. वर्षानुवर्षं डीएपी खत ओतून स्फुरद इतकं साचलं होतं की पिकाला जस्त मिळेना. मी लाल पेननं लिहिलं, "यंदा डीएपी एक गोणीही नको." खाली दोन रेघा ओढल्या.

आठ दिवसांनी भाऊ लॅबच्या दारात दिसले तर टेम्पोत डीएपी!

"भाऊ, रिपोर्ट दुकानदाराला दाखवला नाही का?"

"दाखवला की! त्यानं पूर्ण वाचला. म्हणे, स्फुरद भरपूर आहे म्हणजे तुमच्या जमिनीला सवय आहे. सवय एकदम मोडू नका!"

सलीमभाई मोगरी थांबवून म्हणाले, "दारूवालेने भी मेरे मामू को यही बोला था."

*

एका गावात जमिनीच्या आरोग्याची कार्डं वाटायची होती. माती आमच्या लॅबनं तपासलेली नव्हती, मला फक्त भाषणाला बोलावलं होतं. सहज चाळली. पहिल्या कार्डावर जो सामू, म्हणजे पीएच, तोच दुसऱ्यावर. जो सेंद्रिय कर्ब, तोच तिसऱ्यावर. नदीकाठची काळी आणि टेकडीवरची मुरमाड, सगळ्यांचे आकडे सारखे! जिथं गाडी थांबली तिथली माती उचलली होती आणि सगळ्या गावाच्या नावावर चढवली होती.

माझं डोकं फिरलं. स्टेजवरच ओरडले, "ही फसवणूक आहे! सगळ्यांचे आकडे सारखे कसे?"

सरपंचांनी शांतपणे माइक घेतला.

"ताई बाहेरच्या आहेत, त्यांना माहीत नाही. आपल्या गावात कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही!"

टाळ्या त्यांनाच पडल्या.

*

त्याच सभेत मी एक प्रश्न विचारला होता. म्हटलं, आकडे सोडा. गांडूळ शेवटचं कधी पाहिलं ते सांगा.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मागून एका काकांनी हात वर केला. मला बरं वाटलं. एक तरी निघाला!

"परवाच पाहिलं. कृषी प्रदर्शनात. काचेच्या पेटीत होतं."

*

आता घरचं. आमच्या बांधाला लागून भिकाभाऊंचं वावर. आपली कपाशी जास्त हिरवी की शेजाऱ्याची, यावर नानांचं आणि त्यांचं दर हंगामाला युद्ध. त्यांनी दोन गोण्या टाकल्या की नाना तीन टाकणार. मग भिकाभाऊ चार! हिरवा रंग वाढतो, मग मावा-तुडतुडे येतात, मग फवारे, आणि बोंडं होती तेवढीच. मी दोघांना बांधावर समोरासमोर उभं केलं आणि कर्बापासून क्षारांपर्यंत सगळं सांगितलं. दोघांना पटलं!

भिकाभाऊ म्हणाले, "नाना, मी कमी करतो."

नाना म्हणाले, "मग मीबी करतो."

"तर मग आधी तुम्ही करा."

"नही, आधी तू."

दोघं अजून तिथंच उभे आहेत, असं समजा.

*

शेवटी यंदा पेरणीआधी मी नानांशी पैज लावली. आपल्या वावराची माती लॅबला द्या. रिपोर्ट खराब निघाला तर या हंगामात मी सांगेन तेवढंच खत. चांगला निघाला तर मी गप्प.

नाना म्हणाले, "चाल. पन माती मी आनसू."

चौथ्या दिवशी ते स्वतः लॅबमध्ये आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. पिशवी सरांच्या हातात दिली, नमस्कार केला आणि चहा न घेताच गेले.

परीक्षण मी स्वतः केलं. कर्ब इतका भरपूर की वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. तेच! क्षार नावालाही नाहीत. माझ्या नोकरीत इतकी चांगली माती आली नव्हती. सर म्हणाले, "तुझ्या वडिलांनाच भाषणाला पाठवत जाऊ!" सलीमभाईंनी चिमूटभर उचलून वास घेतला. "बेटा, ये तो पहली बारिश की जमीन है."

मी हरले. घरी आले तर ओसरीत युरियाच्या गोण्या येऊन पडलेल्या. मी रिपोर्ट नानांपुढं ठेवला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"नाना, खरं सांगा. माती कुठून घेतली?"

"बांधवरनी बोरखालनी."

"बोरीखालची? तिथं तर आपण कधी खताचा दाणासुद्धा टाकला नाही! मी वावरातली आणा म्हटलं होतं!"

नाना गोण्यांकडं बघत राहिले.

"माय, वावरनी माती तुना सायेबसमोर कशी आनू? ती कशी शे, ते माले म्हाईत नही का?"