पाण्याच्या टाकीमागे, तिसरी खोली

प्रार्थनेला उभं राहण्याआधी मावशी चपला काढायच्या. मग पदर डोक्यावर यायचा, डोळे मिटायचे, आणि पहिला शब्द ठरलेला असायचा, "उपकार." उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात जमिनीवर तुटक्या सुया, बटणं, रिव्हेट असं काय काय पडलेलं असे. तिथे अनवाणी उभं राहायचं म्हणजे पाय फोडून घेणंच. मी म्हणायचो, "मावशी, देव काय चपला बघत बसतो का?"

"तो नाही बघत हो, मास्टर. पण मी कुठे आलेय ते मला कळायला नको?"

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. मी कटिंग मास्टर, त्या चेकर. शिवून आलेल्या पँटी तपासायच्या आणि वॉशिंगला पाठवायच्या, हे त्यांचं काम. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन अंबरनाथला आल्या आणि इकडच्याच झाल्या. मी अंबरनाथचाच, पण आमचं घर बौद्ध. आमच्याकडे वंदना असते, मागणं नसतं. त्यामुळे देवाशी हे असं घरगुती बोलणं मला आधी विचित्र वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी त्यांची नक्कलही करायचो.

नक्कल करण्यासारखं होतंही. तुम्हीही प्रार्थना करणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील, पण देवाला पत्ता सांगणारी पाहिली आहेत का? आमच्या इस्त्रीवाल्याचा हात भाजला, तेव्हा दुपारच्या सुट्टीत मावशी उभ्या राहिल्या. "बापा, तुझे उपकार, डोळे वाचले त्याचे. हा आपला इस्त्रीवाला, शहाडला राहतो, फाटकाच्या अलीकडे, जिन्याखालची डावीकडची खोली. त्याचा उजवा हात बघ." इस्त्रीवाला बिचारा समोरच उभा होता.

"देवाला पोस्टमन समजता का?" मी नंतर विचारलं.

"त्याला सगळं ठाऊक आहे. पत्ता मी माझ्यासाठी सांगते. नुसतं 'सगळ्यांचं भलं कर' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कोणीच येत नाही."

सेठच्या केबिनमध्ये जायचं तर याच मावशींचे पाय लटपटायचे. दाराबाहेर दहा मिनिटं उभ्या, पदर सारखा करतायत, शब्द जुळवतायत. देवाकडे मात्र थेट, आणि तेही एकेरीत. एकदा मी छेडलंच, "सेठला एवढं घाबरता आणि देवाला अरेतुरे?"

"सेठ मालक आहे. देव बाप आहे." मग हसून म्हणाल्या, "आणि मी काय माझ्या नावावर जाते होय? मला कोण आत घेणार? येशूच्या ओळखीनं जाते. म्हणून तर शेवटी त्याचं नाव घेते." नगरपालिकेत ओळखीशिवाय साधा दाखला मिळत नाही हे मला माहीत होतं, त्यामुळे हा मुद्दा मला लगेच पटला.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायला मला आजही जड जाते.

जीन्सच्या कापडाची दोन थानं दिसायला सारखी असली तरी धुतल्यावर एक निळं उतरतं, एक राखाडी. म्हणून कटिंग करताना थान बदललं की नंबर बदलायचा, म्हणजे शिवणारा एका थानाचा पाय दुसऱ्या थानाच्या पायाला जोडत नाही. त्या दिवशी घाईत मी दोन थानांना एकच नंबर टाकला. माल वॉशिंगहून परत आला तेव्हा पँटींचा एक पाय एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या.

सेठ ओरडला, "बाई, आँखें किधर थीं? नंबर देखे बिना माल भेज दिया?" नंबराच्या चिठ्ठ्या धुण्यात निघून गेलेल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, "सेठ, नंबर बराबर थे." खरंच जुळत होते, दोन्ही थानांवर मीच एक नंबर टाकला होता. मी कात्रीला तेल घालत होतो, तो घालतच राहिलो. मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. सेठनं त्यांना चेकिंगच्या टेबलावरून काढून धागे कापायला बसवलं, नव्या पोरींच्या रांगेत. वय पंचावन्नच्या पुढे, खाली बसून कंबर धरायची.

तीनेक आठवड्यांनी माझी मुलगी तापानं फणफणली. सात वर्षांची. टायफॉइड निघाला, दवाखान्यात ठेवलं, पण नऊ दिवस झाले तरी ताप हटेना. पोरगी पाणीसुद्धा ओकायची. डॉक्टर म्हणाले, औषध बदलून बघू. ते 'बघू' ऐकून माझ्या बायकोनं भिंतीला डोकं टेकलं.

त्या दुपारी दवाखान्यातल्या खोलीच्या दारात मावशी. हातात मोसंब्यांची पिशवी. "प्रार्थना केली तर चालेल ना तुमच्यात?" त्यांनी बायकोला विचारलं. बायकोनं रडत मान हलवली. मावशींनी चपला काढल्या, पदर घेतला, डोळे मिटले. मी पोरीचा पाय धरून बसलो होतो. बराच वेळ झाला, 'उपकार' काही येईना.

त्यांनी डोळे उघडले. "नाही होत, मास्टर. जरा बाहेर या."

व्हरांड्यात त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, अनवाणीच. "मनात कोणाबद्दल कडू ठेवून त्याच्यापुढे जाता येत नाही. आधी ते मिटवून यायचं, मग तोंड उघडायचं, असं आहे आमच्यात. त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत, तेव्हापासून माझ्या मनात तुमच्याबद्दल फार वाईट येतंय. मला माफ करा."

माफी त्या मागत होत्या. मी म्हणालो, "मावशी, नंबर मीच चुकवला होता. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," त्या म्हणाल्या. राग होता त्यांच्या चेहऱ्यावर, मी तो पाहिला. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "चला आत. पोर वाट बघतेय."

या वेळी शब्द लगेच आला. "उपकार, बापा. मास्टर खरं बोलले त्याचे उपकार. ही त्यांची मुलगी. अंबरनाथ, पाण्याच्या टाकीमागे, तिसरी खोली. तिला घरी ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला बायकोवर सोपवून कारखान्यात गेलो आणि सेठला सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या, पण नोकरी राहिली. मावशी आपल्या टेबलावर परतल्या. दोन दिवसांनी ताप उतरला. मी डॉक्टरांचे आभार मानले. मावशींनीही मानले, अगदी हात जोडून. "त्यांना पण कोणीतरी अक्कल देतंच की," हे मात्र जिन्यात म्हणाल्या.

पुढे कारखाना बदलला, मी खरवईला फ्लॅट घेतला, भेटी तुटल्या. त्या गेल्याचं इस्त्रीवाल्यानं कळवलं तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते. मी मुलीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. ती आता दहावीला. नाव सांगितलं तरी सुनेला ओळख पटेना. मग म्हणालो, "कटिंग मास्टर."

"पाण्याच्या टाकीमागे, तिसरी खोली?" ती पटकन म्हणाली. "अहो, आमच्या पोरांनासुद्धा पाठ आहे. रोज सकाळी असायचात तुम्ही. आणि ही तापातली मुलगी ना?"

ती खोली सोडून आम्हाला चार वर्षं झाली होती. मी त्यांना कळवलंच नव्हतं. चार वर्षं त्या बाई माझ्या रिकाम्या खोलीवर देवाला पाठवत होत्या, आणि तरी आमचं सगळं सुरळीत चाललं होतं.

भिंतीवर त्यांचा फोटो होता, डोक्यावर पदर. आमच्यात मागणं नसतं, पण उपकार मानायला कोणाची हरकत असणार? मी पुन्हा दारापाशी गेलो, घाईत पायातच राहिलेल्या चपला काढल्या आणि फोटोसमोर येऊन उभा राहिलो.

"उपकार, मावशी," मी म्हणालो. "आम्ही आता खरवईला राहतो. शाळेच्या मागे, दुसरा मजला, उजवीकडचं दार."